दोरीच्या डाव्या टोकाला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. एक दोरी आहे.

जागा चौथ्या मजल्यावरची गॅलरी. एवढी अरुंद, की दोन माणसांनी एकमेकांना वाट द्यायची म्हटली तर एकाला घरात परतावं लागतं. सकाळचं ऊन कठड्यावर कोपर टेकून आत डोकावतंय. दोरीवर कपडे आहेत, पण कसेतरी टाकलेले नाहीत. मधोमध जड चादर, तिच्या दोन्ही अंगांना पँटी, मग शर्ट, मग बनियन आणि मोजे असा उतरता क्रम, आणि अगदी डाव्या टोकाला चष्मा पुसायचं एवढंसं फडकं. खालून जाणाऱ्याला वाटावं, वर कुणीतरी प्रयोग लावलाय. मग चादर जरा हलते, आणि तिच्यामागून दातांत दोन चिमटे धरलेली एक ठेंगणी म्हातारी प्रवेश करते.

ह्या मावशी. एका फिरत्या नाटक कंपनीचा कपडेपट ह्यांनी हयातभर सांभाळला. कंपनीत राजा बदलला, राणी बदलली, एकदा मालकसुद्धा बदलला; मावशी बदलल्या नाहीत. राजापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. त्याही कुणाला राजा म्हणायच्या नाहीत. माणसाला त्या त्याच्या कपड्यांवरून ओळखायच्या. “तो घामट आला का? आणि ती बटणं तोडणारी कुठे गेली?” घामट म्हणजे राजा आणि बटणं तोडणारी म्हणजे सेनापतीचं काम करणारा एक धिप्पाड गडी, ज्याला ‘ती’ म्हटलेलं चालायचं कारण मावशी म्हणत होत्या.

कंपनी बंद पडून जमाना झाला. मावशी मुलाकडे राहायला आल्या. पण सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नाही. जड कपडा मध्ये, हलका कडेला, गडद रंग उलटा करून, आणि सगळ्यांत लहान कपडा डाव्या टोकाला. सुनेनं एकदा घाईघाईत मोजे मध्येच लावले होते. मावशींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मोजे मात्र थोड्याच वेळात आपल्या जागेवर चालत गेले.

ही सून शाळेत भूगोल शिकवायची. जगातल्या नद्या तोंडपाठ, आणि त्यांतली एकही पाहिलेली नाही, कारण नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आणि नवरा हे दोघे एकमेकांना सोडून कुठे जात नसत. त्या सकाळी ती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, मी तुमचं नाव देऊन आले.”

मावशींनी दातांतले चिमटे काढले. “कुठे? वर? इतक्यात कशाला, अजून चादर वाळायचीय.”

“खाली. हॉलमध्ये. रविवारी संध्याकाळी सगळे आपापले प्रवासातले आवडते फोटो दाखवणार आहेत. प्रत्येकी तीन. फोटो भिंतीवर मोठा दिसेल आणि त्याची आठवण सांगायची.”

“मग तू दाखव ना.”

“मी काय दाखवू? लग्नानंतर ह्यांनी मला काचा घासायच्या कारखान्यात नेलं होतं, तो?” सून म्हणाली. “दुसऱ्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांनीच विषय काढला. म्हणाले, ह्या इमारतीत तुमच्या सासूबाईंइतकं कुणी फिरलेलं नाही. त्यांच्या पायाला भिंगरी होती म्हणे.”

“पायाला भिंगरी नव्हती. पायाखाली ट्रक होता.”

सून खळखळून हसली. मावशी हसल्या नाहीत. कारण भिंगरी हा शब्द मॅनेजरसाहेबांचा नव्हता. तो त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकला असणार, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. इमारतीत सगळ्यांच्या चष्म्याचे नंबर एकाच दुकानात तपासले जात.

आता मागचा पडदा थोडा वर करू. मावशींचा नवरा त्याच कंपनीत सुतार. रंगमंचावरचे राजवाडे तोच उभे करायचा आणि प्रयोग संपला की तोच मोडायचा. एका तापानं तो गेला, तेव्हा मुलगा सात वर्षांचा. मालकांनी विचारलं, कपडेपट सांभाळशील का. सांभाळेन म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मुलाची शाळा बुडायला नको म्हणून तो राहिला आत्याकडे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीकडे. आत्या प्रेमळ होती, फक्त तिचं प्रेम कुणाला दिसू नये अशी तिची इच्छा होती, आणि ती बहुतेक पूर्ण झाली.

मावशी मध्येमध्ये यायच्या, चार दिवस राहायच्या, जायच्या. मुलगा वाढला. भांडला कधीच नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, “आई फिरतीवर असते. तिच्या पायाला भिंगरी आहे.” पुढे आत्या वारली, मावशी मुक्काम सोडून धावत आल्या, दारातच त्यांना हुंदका फुटला. तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा शांतपणे म्हणाला, “तुला रडू बरोबर वेळेवर येतं.”

त्यात राग नव्हता. पाहिलेली गोष्ट त्यानं सांगितली होती. पण तेव्हापासून मावशींनी मुलासमोर रडायचं बंद केलं, आणि मनातलं काही सांगायचंही. नाटकातल्या माणसानं खरं बोलायचं म्हणजे पंचाईत. समोरचा आधी बघतो, दिवे कुठून पडतायत.

एरवी मायलेकांचं छान चाललं होतं. मुलगा रोज सकाळी आईचा चष्मा उचलायचा, फडक्यानं पुसायचा, काड्या सरळ करायचा आणि चहाच्या कपाशेजारी ठेवायचा. एक दिवस चुकवलं नाही. फक्त चष्म्याशिवाय दुसरं काही त्यांच्यामध्ये नव्हतं.

दुपारी सुनेनं पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि फोटो पलंगावर पसरले. बघता बघता तिचा चेहरा भूगोलाचा पेपर तपासताना व्हायचा तसा झाला.

“आई, ह्या सगळ्या दोऱ्या आहेत.”

“दोऱ्या नाहीत गं, दोरी. एकच होती. चांगली होती.”

“ह्यात तुम्ही कुठे आहात?”

“मी दोरीच्या मागे.”

“आणि गाव?”

“गाव दोरीच्या वर. हे बघ, हा डोंगर. झग्याच्या खांद्यावर बसलाय तो.”

गोष्ट खरी होती. कंपनीबरोबर एक फोटोवाले दादा असायचे. जाहिरातीसाठी नटांचे फोटो काढायचे. रोलमध्ये शेवटचा एखादा फोटो उरला, की रोल धुवायला द्यायच्या आधी ते हाक मारायचे, “कुणाला काढून हवाय?” जो तो पळत यायचा. समुद्रासमोर, पुलासमोर, धबधब्यासमोर छाती काढून उभा राहायचा. मावशींची पाळी आली की त्या म्हणायच्या, “माझा कशाला, दोरीचा काढा. नव्या मुलीला दाखवायला होईल, कपडे कसे लावायचे ते.” दादांना वाटायचं, काय कामसू बाई आहे. अख्ख्या कंपनीला तसंच वाटायचं. ताकास तूर लागू दिली नाही मावशींनी.

कारण फोटो दोरीचा नसायचा. फोटो असायचा डाव्या टोकाचा. तिथे दर मुक्कामाला लहान मुलाचा एक शर्ट वाळत असायचा. निळ्या चौकड्यांचा, चार बटणांचा. त्यातलं तिसरं बटण तुटल्यावर आत्यानं कुठल्याशा कोटाचं काळं बटण लावून दिलं होतं.

पहिल्या मुक्कामाला निघायच्या पहाटे मुलगा आत्याच्या घरी झोपलेला होता. दाराच्या खिळ्यावर त्याचा आदल्या दिवशीचा मळका शर्ट होता. मावशींनी तो घडी न घालता पिशवीत कोंबला. काही दिवस उशाखाली ठेवला. मग त्याचा वास उडाला आणि पेटीचा वास लागला, तेव्हा त्यांनी तो धुतला आणि राजा, सैन्य आणि भूत ह्यांच्या ओळीत टोकाला लावला. वारा सुटला, शर्टाच्या बाह्या हलल्या, आणि मावशींना उगाच वाटलं, पोरगं समुद्र बघतंय. मग नेमच झाला. नवं गाव आलं की आधी दोरी अशी बांधायची, की डाव्या टोकाला काहीतरी बघण्यासारखं असेल. सेनापतीचा डगला संडासाच्या भिंतीकडे तोंड करून वाळायचा. शर्टाला मात्र नदी, डोंगर, पूल, जे असेल ते. मुलगा वाढत होता. शर्ट वाढत नव्हता.

एकदाच घोटाळा झाला. नाटकात परागंदा मुलाच्या सदऱ्यात तोंड खुपसून आई रडते असा प्रवेश होता. नव्या मदतनीस मुलीनं गडबडीत नाटकातल्या सदऱ्याऐवजी हाच शर्ट रंगमंचावर ठेवला. मावशी विंगेत उभ्या. नायिकेनं शर्ट उचलला, आणि त्या दिवशी ती अशी रडली की समोरचे हजार लोक नाक पुसायला लागले. प्रयोग संपल्यावर ती धावतच कपडेपटात आली. “मावशी, आता रोज मला हाच द्या. हाताला लागला की रडू आपोआप येतं.”

मावशींनी तिच्या हातातून शर्ट काढून घेतला. कॉलरला गालांवरचा लाल रंग लागला होता. त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं रडू तुमच्या सदऱ्यात रडा. ह्याला नाटकात काम करायचं नाहीये.”

असे हे फोटो. आणि डब्यातल्या प्रत्येक फोटोत डाव्या टोकाला तो होताच.

मावशींनी तीन निवडले. मग सुनेला सहज विचारावं तसं विचारलं, “तुझ्या त्या फोनमध्ये डावीकडचं थोडं कापता येतं का?”

“येतं. पण कशाला?”

“उगाच मोकळं दिसतं.”

“जुने फोटो कापू नयेत, आई,” सून म्हणाली. ती शिक्षिका होती. तिच्या ‘नये’ला अपील नव्हतं.

रात्री जेवताना सुनेनं नवऱ्याला विचारलं, “रविवारी येणार ना?”

“दुकान असतं.”

“नको येऊस,” मावशी म्हणाल्या. “दोऱ्याच आहेत.”

त्यानं आईकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि उठला. मावशींचं मन मात्र तेव्हापासून दोन दोऱ्यांवर एकदम वाळत पडलं. त्यानं यावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. आयुष्यभर त्या रंगमंचाच्या मागे राहिल्या, आता एकदा पुढे उभ्या राहणार, आणि समोर तो नाही, हे कसं चालेल? पण तो आला, त्यानं शर्ट पाहिला आणि चारचौघांत मागच्यासारखंच शांतपणे म्हणाला, “हे पण बरोबर वेळेवर आलं,” तर? मग त्या शर्टाचाही नाटकातला सदरा होणार. इतकी वर्षं जपलेली एक खरी वस्तू, ती त्यांना अशी वाया घालवायची नव्हती.

रविवार उजाडला आणि कलला. तळमजल्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या भिंतीवर दिव्याचा झोत पडला होता. मावशी आल्या आणि त्यांनी आधी भिंत बघून घेतली, मग झोत कुठून येतो ते, मग स्वतःची सावली. दोन पावलं पुढे, अर्धं पाऊल डावीकडे. बरोब्बर. इथे उभं राहिलं की फोटोचा डावा कोपरा सावलीत जातो. कापता येत नसेल, झाकता येतं. विंगेत आयुष्य काढलेल्या बाईला एवढं जमायलाच हवं.

पहिली पाळी मॅनेजरसाहेबांची. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून डोंगरांची उंची पाठ करत होते. तिन्ही फोटोंत त्यांची पत्नी डोंगरासमोर उभी होती आणि तिन्ही फोटोंत तिचे डोळे मिटलेले होते.

“हिनं नेमके डोळे मिटले,” ते म्हणाले.

“ऊन माझ्या तोंडावर आणि कॅमेरा तुमच्या हातात,” दुसऱ्या रांगेतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “डोळे उघडून बघायचं कुणाला होतं? तुम्हालाच ना?”

मग मावशी उठल्या. ठरलेल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. सुनेनं पहिला फोटो लावला. हॉलमध्ये कुजबुज झाली.

“मावशी, ही तर दोरी आहे,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

“समुद्र आहे.”

“कुठाय?”

“राजाच्या बाहीखाली बघा. निळं दिसतंय ना? तोच. त्याची खोली विचारू नका, मी फक्त काठावर कपडे वाळवले.”

लोक हसले आणि मावशींच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी सांगितलं, खाऱ्या वाऱ्यानं राजाचा झगा वाळून असा कडक झाला की घामटाचा हात कोपरात वाकेना. मग त्यानं पूर्ण प्रयोगभर एक हात समोर धरूनच राज्य केलं. हुकूम दिला तो हात समोर, राणीला जवळ घेतलं तो हात समोर. राणीला बिचारीला काखेखालून यावं लागलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, राजाचा करारीपणा नजरेत भरण्यासारखा होता.

दुसरा फोटो डोंगरावरच्या गावाचा. दोन झाडांना बांधलेली दोरी आणि सगळीकडे धुकं. “इथं दोन दिवसांत एक मोजा वाळला नाही. शेवटी भुताला ओलं पांढरं घालूनच पाठवलं. दिव्याखाली गेल्यावर त्याच्या अंगातून वाफ निघायला लागली. पुढच्या रांगेतली बाई किंचाळली, ती ऐकून भूत घाबरलं आणि...”

इथे दार उघडलं. मुलगा आत आला. दुकानातूनच आला होता; खिशाला अजून मोजायची छोटी पट्टी लावलेली होती. त्यानं मागच्या रांगेत दाराजवळची खुर्ची घेतली. मावशींचं भूत तसंच वाफाळत राहिलं.

“मग?” कुणीतरी विचारलं.

“मग काय, भूत पळालं.” मावशींनी गोष्ट गुंडाळली आणि सुनेला खूण केली. पुढचा.

तिसरा फोटो एका थिएटरच्या मागच्या अंगणाचा. पलीकडे लांबलचक पूल, त्याच्यावरून गाडी चाललेली. फोटो छानच होता. मावशींनी घसा साफ केला, पण शब्द काही जागेवर येईनात. त्या नुसत्याच झोतात उभ्या राहिल्या.

“आई,” मागून आवाज आला, “जरा बाजूला हो. तुझी सावली पडतेय. डावा कोपरा दिसत नाही.”

“डाव्या कोपऱ्यात काही नाही.”

“तरी पण.”

“पूल उजवीकडे आहे.”

“आई, सरक ना.”

मावशी सरकल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोरीचं डावं टोक उजेडात आलं, आणि तिथे पुलाकडे तोंड करून, दोन्ही बाह्या पसरून तो शर्ट उभा होता. भिंतीवर आता चांगला मोठा दिसत होता, खऱ्या मुलाएवढा.

मुलगा उठला. खुर्च्यांमधून वाट काढत भिंतीपाशी गेला, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत वाकून बघतो तसा वाकला. त्यानं तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं.

“काळं आहे,” तो म्हणाला. मग वळून म्हणाला, “आई, हा माझा शर्ट आहे.”

मावशींनी मान हलवली.

“हा तू नेलास?”

पुन्हा मान.

“अगं, हा शर्ट हरवला म्हणून आत्यानं मला धू धू धुतलं होतं.”

मावशींचं तोंड उघडं राहिलं. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या शर्टाचा सगळा विचार केला होता. घरी तो नाही म्हणजे कुणीतरी शोधेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

“तिचं म्हणणं, मी तो गोट्यांच्या बदल्यात दिला,” मुलगा सांगायला लागला. तो लोकांना सांगत नव्हता, आईलाच सांगत होता, पण हॉलभर ऐकू जात होतं. “मी नाही म्हटलं की एक फटका. शेवटी कबूल केलं.”

“दिलाच नव्हतास तर कबूल कशाला केलंस?”

“मार थांबेल म्हणून. पण ती म्हणाली, मग गोट्या दाखव.”

“अरे देवा. मग?”

“मग काय. शेजारच्या मुलाकडून उसन्या आणल्या आणि दाखवल्या. त्या तिनं जप्त केल्या. तो मुलगा वर्षभर माझ्यामागे लागला होता गोट्या दे म्हणून.”

मॅनेजरसाहेबांच्या पत्नीला आधी हसू फुटलं, मग सगळ्या हॉलला. मुलगाही हसला. सून तर बघतच राहिली. लग्नानंतर नवऱ्याला एका दमात इतकं बोलताना ती प्रथमच ऐकत होती.

हसू ओसरलं तसा तो पुन्हा भिंतीकडे वळला. “कॉलरला हे लाल काय आहे?”

“एक बाई रडली त्यात. नाटकात. एकदाच. परत मागत होती, मी नाही दिला.”

“आधीच्या दोन फोटोंतही हा आहे?”

“आहे.”

“आणि डब्यातल्या बाकीच्यांत?”

मावशींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. सुनेनं कुणी न सांगता मागचे दोन्ही फोटो पुन्हा लावले. आधी धुकं, त्यात टोकाला निळं काहीतरी. मग समुद्र, आणि कडेला वाऱ्यानं फुगलेला तोच शर्ट. मुलानं दोन्ही वेळा शोधला, दोन्ही वेळा बोट ठेवलं.

“मला कधी सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, टाळ्या कुठे वाजवायच्या.”

आपण आईला कधी काय म्हटलं होतं, ते त्यालाही आठवलं असावं, कारण त्यानं स्वतःचा चष्मा काढला आणि उगाचच शर्टाच्या टोकाला पुसला, जे त्याच्या दुकानात तो कुणालाही करू देत नसे.

“आता कुठाय तो?” त्यानं विचारलं.

“विरला. हातात धरवेना इतका विरला. टाकवत पण नव्हता. मग राजाच्या झग्याच्या खांद्यात भरला. त्या घामटाचे खांदे फार उतरते होते.”

“म्हणजे शेवटपर्यंत मी राजाच्या खांद्यावर बसून फिरलो.”

“उजव्या,” मावशी म्हणाल्या. “डाव्यात कापूस होता.”

पुढची पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याची होती, पण त्यांनीच हात जोडले. ह्याच्यानंतर आमचं वाळवंट कोण बघणार? चहाचे कप फिरले, खुर्च्या इकडेतिकडे झाल्या. मॅनेजरसाहेब पत्नीला विचारत होते, आपल्याकडे एखादा डोळे उघडे असलेला फोटो आहे का, आणि ती म्हणत होती, आहे, माझ्या माहेरच्यांनी काढलेला.

पहिल्या रांगेत मायलेक शेजारी बसले होते. सुनेनं वर जाऊन पत्र्याचा डबा आणून दिला होता आणि ती शहाणी बाई कप आवरायच्या निमित्तानं लांब गेली होती. मुलानं आईच्या नाकावरचा चष्मा काढला, पुसला, काड्या सरळ केल्या आणि पुन्हा तिच्या नाकावर नीट बसवला. मग डबा मांडीवर घेऊन एकेक फोटो काढायला लागला. प्रत्येकात आधी डावं टोक बघायचा, मग बाकीचं गाव. इतकी वर्षं हा माणूस कुठे गेला नव्हता म्हणे. केवढा फिरला होता.

समुद्राचा फोटो पुन्हा हातात आला तेव्हा तो थांबला. मग मान वर न करता, सात वर्षांच्या पोरानं विचारावं तसं विचारलं, “समुद्र मला आवडला का गं?”

मावशींनी फोटो त्याच्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला, जणू खरंच आठवून सांगायचं आहे.

“आवडला की,” त्या म्हणाल्या. “पण वाळायला फार वेळ लावलास.”